आधी एक चुकीचं उत्तर धरा

दहावीच्या बीजगणिताचा पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा. त्यामुळे शाळा सुरू झाली की या सदराकडे येणारं निम्मं टपाल एकाच तक्रारीचं असतं: समीकरणं सुटतात, शाब्दिक उदाहरणं सुटत नाहीत. या वेळी त्यातलीच पाच पत्रं घेतली आहेत. मी जुन्या वळणाची, चलांना क्ष आणि य म्हणते. तुमच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं आहेत, तिथे ती घाला.

बाई, माझी मुलगी दहावीत आहे. एकसामयिक समीकरणं समोर ठेवली की पटापट सोडवते. शाब्दिक उदाहरण आलं की 'समजा' एवढं लिहून पेन चावत बसते. क्लासचे सर म्हणतात, नीट वाचलं की मांडता येतं. ती तर चार-चारदा वाचते. मी काय करू? – एक आई, बार्शी

ताई, चार-चारदा वाचते तिथेच घोडं अडलंय. उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचलं की मुलं शेवटाला येईतो सुरुवात विसरतात आणि पुन्हा वर जातात. तिला सांगा, शेवटचं वाक्य आधी वाच. 'तर अमुक किती?' हे तिथे असतं आणि क्ष, य कशाला म्हणायचं ते तिथेच कळतं.

मग 'समजा'च्या पुढे काय लिहिते ते बघा. वह्या तपासताना मी ती ओळ सगळ्यात आधी वाचायचे. तिथे 'समजा क्ष = पेन, य = वही' असं दिसलं की पुढचं पान न वाचताही अंदाज यायचा. क्ष म्हणजे पेन नव्हे, क्ष म्हणजे एका पेनची रुपयांतली किंमत. 'पेन' असं मोघम लिहिलं की पुढे ५क्ष म्हणजे पाच पेनं की पाच पेनांचे पैसे, याचा घोळ सुरू होतो. परिमाणासकट पूर्ण वाक्य लिहायचं: समजा, एका पेनची किंमत क्ष रुपये आहे. तेवढ्याने निम्मी मुलं मार्गाला लागतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी एक युक्ती आहे, आणि तुमची मुलगी त्यांतली दिसते. हे उदाहरण घ्या.

एका गावाच्या एसटीच्या पूर्ण तिकिटाला आरक्षण आकारासह २६५ रुपये पडतात. एक पूर्ण आणि एक अर्धं अशी दोन तिकिटं आरक्षणासह काढली तर ४०५ रुपये पडतात. अर्ध्या तिकिटाला भाडं निम्मं, आरक्षण आकार मात्र तेवढाच. तर पूर्ण भाडं किती आणि आरक्षण आकार किती?

(आकडे माझे आहेत, डेपोत जाऊन विचारू नका. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून हे उदाहरण मुलींना मुलांच्या आधी कळतं, असं माझ्या शिकवणाऱ्या मैत्रिणी सांगतात.)

मुलीला म्हणा, समीकरण मांडू नकोस. फक्त एक उत्तर ठोकून दे. चुकीचं असलं तरी चालेल. नव्हे, चुकीचंच दे. ती म्हणेल, भाडं २०० रुपये. बरं. मग आरक्षण किती? २६५ मधून २०० गेले, ६५. आता अर्धं तिकीट केवढ्याला? भाडं १०० आणि आरक्षण ६५, म्हणजे १६५. दोन्ही तिकिटांचे मिळून २६५ + १६५ = ४३०. उदाहरणात ४०५ आहेत. चुकलं.

आता तिला एवढंच विचारा: 'चुकलं हे तुला कसं कळलं?' ती जे सांगेल ते समीकरण असतं. २०० आणि ६५ ची बेरीज २६५ आहे का, हे तिने पाहिलं. मग २०० चे निम्मे, अधिक ६५, अधिक २६५ हे ४०५ होतात का, हे पाहिलं. त्याच दोन ओळी पुन्हा लिहायच्या, २०० च्या जागी क्ष आणि ६५ च्या जागी य.

क्ष + य = २६५
क्ष/२ + य + २६५ = ४०५

दुसऱ्यातून क्ष/२ + य = १४०. पहिल्यातून हे वजा केलं की क्ष/२ = १२५, म्हणून भाडं २५० आणि आरक्षण १५. शेवटी ताळा करताना समीकरणात किंमती घालून बघू नका, उदाहरणाची वाक्यं वाचून बघा. अर्धं तिकीट १२५ + १५ = १४०, पूर्ण २६५, एकूण ४०५. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर त्यात किंमती घालून ताळा जुळणारच. चोराला चोरीचा तपास करायला सांगितल्यासारखं ते होतं.

या उदाहरणात बहुतेक मुलं कुठे घसरतात तेही सांगते. दुसरं आरक्षण विसरतात आणि क्ष + क्ष/२ + य = ४०५ लिहितात. मग पहिलं समीकरण वजा करून क्ष/२ = १४०, क्ष = २८० आणि य = उणे १५. आरक्षण आकार उणे पंधरा रुपये! म्हणजे महामंडळाने तुम्हाला खिडकीची जागा देऊन वर पंधरा रुपये हातावर ठेवले. पण मुलं हे उत्तर दुहेरी अधोरेखित करून पुढे जातात, कारण बीजगणितात उणे उत्तर येऊ शकतं हे त्यांना शिकवलेलं असतं. येतं, पण आरक्षण आकाराचं येत नाही.

घरी आणखी एक करा. तिला नवीन उदाहरणं देऊ नका, समीकरण द्या आणि गोष्ट मागा. क्ष + २य = ७० वरून एक वडापाव आणि दोन चहा होतील, आईचं वय आणि जुळ्या बहिणींची वयं होतील, एक लांब आणि दोन आखूड दोऱ्याही होतील. वयाची गोष्ट केलीच तर 'पाच वर्षांनी' हे शब्द घालायला लावा. पाच वर्षांनी प्रत्येकाचं वय पाचने वाढतं, बेरीज पंधराने. तिथे मुलं हटकून एकट्या आईलाच मोठी करतात.

दोन अंकी संख्येच्या उदाहरणात दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल तर संख्या क्षय का लिहायची नाही? – इयत्ता दहावी, जत

कारण बीजगणितात क्षय म्हणजे क्ष गुणिले य. (आणि मराठीत क्षय म्हणजे काय ते आजीला विचार.) अंकांच्या जागेला किंमत असते, अक्षरांच्या जागेला नसते. दशकस्थानचा ३ म्हणजे तीस, म्हणून तिथला क्ष म्हणजे १०क्ष, आणि संख्या १०क्ष + य.

इथेही आधी चुकीचं उत्तर धर. उदाहरण असं समज: अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली तर येणारी संख्या २७ ने मोठी. धर ४५. बेरीज ९ जमली. उलटून ५४, फरक ९. नाही जमलं. पण उलटताना तू काय केलंस? पाचाचे पन्नास केलेस आणि चाळिसाचे चार. ते लिही: १०य + क्ष = १०क्ष + य + २७. दोन्हीकडचं आवरलं की ९य – ९क्ष = २७, म्हणजे य – क्ष = ३. सोबत क्ष + य = ९. उत्तर ३६.

आता ३६ देवनागरीत लिहून बघ, तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेत. उलटून ६३ केलं की समोरासमोर येतात. छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच.

माझं किराणा दुकान आहे. ३२० रुपये किलोचा आणि ४८० रुपये किलोचा असा दोन प्रकारचा चहा मिसळून ३८० रुपये किलो पडेल असा दहा किलो माल करायचा असतो. मी अंदाजाने करतो, कधी पडतळ जास्त येते. मुलगी म्हणते हे तिच्या पुस्तकातलं गणित आहे. शिवाय आता ५६० चा तिसरा चहाही आणलाय, तोही थोडा घालायचा आहे. – एक दुकानदार, फलटण

मुलीचं बरोबर आहे. समजा, ३२० वाला क्ष किलो आणि ४८० वाला य किलो.

क्ष + य = १०
३२०क्ष + ४८०य = ३८००

पण दुकानात गिऱ्हाईक उभं असताना वही कुठे काढणार? इथेही चुकीच्या उत्तरापासूनच निघा. धरा, दहाच्या दहा किलो स्वस्तातलाच घेतला. खर्च ३२०० रुपये. हवेत ३८००, म्हणजे ६०० कमी पडले. आता एक किलो स्वस्त काढून त्या जागी एक किलो महाग घातला की खर्च १६० ने वाढतो. ६०० भागिले १६०, पावणेचार. म्हणजे महाग पावणेचार किलो आणि स्वस्त सव्वासहा किलो. ताळा: सव्वासहा किलोचे २००० आणि पावणेचार किलोचे १८००. बरोबर ३८००.

नेहमी दहाच किलो करणार नसाल तर प्रमाणच पाठ ठेवा. ३८० हा ३२० पासून ६० वर आणि ४८० पासून १०० खाली. हेच अंतर उलटून वापरायचं: स्वस्त १०० वाटे, महाग ६० वाटे, म्हणजे ५ ला ३. आठ किलो करायचा तर पाच आणि तीन. मधला भाव ज्याच्या जवळ, तो माल जास्त. उलटं का, हे वरच्या दोन समीकरणांतून निघतं. मुलीला काढून दाखवायला सांगा, तिचाही अभ्यास होईल.

आता तिसरा चहा. इथे थोडं थांबा. अज्ञात राशी तीन झाल्या, पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टी अजून दोनच आहेत: वजन दहा किलो आणि खर्च ३८००. त्यामुळे उत्तर एक येणार नाही, पाहिजे तेवढी येतील. ५६० चा एक किलो घाला, मग ४८० चा सव्वादोन आणि ३२० चा पावणेसात, खर्च ३८०० च. ५६० चा अडीच किलो घाला, मग ४८० चा अजिबात नको आणि ३२० चा साडेसात, तरी ३८०० च. अडीचच्या पुढे मात्र जाता येत नाही, कारण मग मधल्या चहाचं वजन उणे येतं. तेव्हा तिसरी गोष्ट तुम्ही ठरवायची. चव कशी हवी, कुठल्या मालाचं पोतं आधी संपवायचंय, गिऱ्हाइकाला रंग हवा की वास. ते गणिताला विचारू नका. ठरवलंत की तिसरं समीकरण झालं, आणि मग उत्तर एकच.

क्रेमरच्या पद्धतीने सोडवताना निश्चयक (चलांच्या सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी) शून्य आला. '२ वह्या आणि ३ पेनांची किंमत १३० रुपये, ४ वह्या आणि ६ पेनांची किंमत २६० रुपये, तर प्रत्येकाची किंमत काढा.' वर्गात सांगितलं की उदाहरणच चुकीचं आहे, सोडून द्या. नक्की काय चुकीचं? – इयत्ता दहावी, लातूर

सोडून देऊ नकोस, चांगलं उदाहरण आहे. दुसरं वाक्य नवीन काही सांगतच नाही. दुकानदाराने तुला तेच बिल दोनदा दाखवलंय. चुकीचं उत्तर धरून बघ: वही ५०, पेन १०. पहिलं वाक्य जमतं, दुसरंही जमतं. मग दुसरंच धर: वही २०, पेन ३०. तेही दोन्हींत जमतं! इथे पहिल्या वाक्यात जमलेलं उत्तर दुसऱ्यात चुकतच नाही, हीच मोठी खूण.

समज, दुसऱ्या वाक्यात २६० ऐवजी २५० असते. निश्चयक पुन्हा २ × ६ – ३ × ४ = ०, पण आता कुठलंच उत्तर जमत नाही. दुप्पट माल, पण दुपटीपेक्षा दहा रुपये कमी. म्हणजे जास्त माल घेतल्यावर दुकानदाराने सूट दिली, आणि पहिल्या वाक्यातली पेनची किंमत दुसऱ्या वाक्यात तीच राहिली नाही. आलेखावर पहिल्या वेळी दोन्ही रेषा एकमेकींवर पडतात, दुसऱ्या वेळी समांतर जातात. जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रेमरने १७५० साली ही रीत छापली. त्यात निश्चयकाने भागायचं असतं, म्हणून तो शून्य आला की रीत तिथेच थांबते. परीक्षेत 'निश्चयक शून्य आहे, म्हणून एकमेव उकल नाही' हे वाक्य लिही, पान कोरं ठेवू नकोस.

नातू दहावीत. पुस्तकाबाहेरचं म्हणून मी त्याला एक घातलं: एका खुराड्यात कोंबड्या आणि ससे, डोकी ३५, पाय ९४. मी तोंडी सांगितलं, ससे १२ आणि कोंबड्या २३. तो म्हणाला, 'आजोबा, तुमची पद्धत चालत नाही, क्ष-य लिहावं लागतं.' आमच्या वेळी तर असंच सोडवायचे. चालत का नाही? – एक निवृत्त तलाठी, वाई

नमस्कार काका. तुम्ही घातलेलं कोडं सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी ग्रंथातलं आहे, आकड्यांसकट, ३५ आणि ९४. तुम्ही ते कसं सोडवलंत ते पत्रात नाही, पण बहुधा असं: धरा, सगळ्या कोंबड्याच. पाय ७०. हवेत ९४, कमी पडले २४. एक कोंबडी काढून ससा घातला की पाय दोनने वाढतात, म्हणून ससे १२. फलटणच्या दुकानदाराला मी वर चहा मिसळायला शिकवला तो याच रीतीने.

आता नातवाची वही बघा. क्ष + य = ३५ आणि २क्ष + ४य = ९४. पहिल्याला दोनने गुणलं, ७० आले. ९४ मधून वजा केले, २४ आले. दोनने भागलं, १२. एकेक आकडा तुमचाच आहे. तुम्ही 'सगळ्या कोंबड्या धरा' म्हणता, तो 'क्ष चा लोप करू' म्हणतो. भांडण कशाचं?

फरक पडतो तो उदाहरण अवघड झालं की. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इसवी सन ११५० च्या सुमाराचं) दोन मित्रांचं एक उदाहरण आहे. पहिला म्हणतो, 'मला शंभर दे, मग मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन.' दुसरा म्हणतो, 'तूच मला दहा दे, मग मी तुझ्या सहापट होईन.' तर दोघांकडे किती किती? हे तोंडी करून बघा. मी वर्गात घालायचे तेव्हा चुळबुळ करणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची.

नातू सरळ दोन चलं घेईल. पहिल्याकडे क्ष, दुसऱ्याकडे य.

क्ष + १०० = २(य – १००)
य + १० = ६(क्ष – १०)

इथे मुलांची चूक ठरलेली: घेणाऱ्याचे वाढवतात, देणाऱ्याचे कमी करायला विसरतात. शंभर इकडे आले म्हणजे तिकडून गेलेच. सोडवलं की पहिल्याकडे ४० आणि दुसऱ्याकडे १७०. ताळा: ४० चे १४० झाले, १७० चे ७० उरले, दुप्पट. उलट बाजूने १८० आणि ३०, सहापट.

भास्कराचार्यांनी मात्र हे एकाच अज्ञातात उरकलंय, आणि ते बघण्यासारखं आहे. शंभर दिल्यावर दुसऱ्याकडे जे उरेल त्यालाच त्यांनी अज्ञात मानलं. ते 'यावत्तावत्' म्हणतात, आपण क्ष म्हणू. मग पहिल्याकडे त्या वेळी २क्ष असणार. म्हणजे मुळात पहिल्याकडे २क्ष – १०० आणि दुसऱ्याकडे क्ष + १००. पहिलं वाक्य न मांडताच मिटलं! उरलं दुसरं: क्ष + ११० = ६(२क्ष – ११०). त्यातून ११क्ष = ७७०, क्ष = ७०. समीकरणं कमी करायची तर अज्ञात कशाला म्हणायचं ते हुशारीने निवडायचं. एकाने भागलं नाही तर त्यांच्याकडे पुढे कालक, नीलक, पीतक असे रंग होतेच, एकेका अज्ञाताला एकेक. आमच्याकडची क्ष-यची जोडी त्यापुढे फिकीच म्हणायची.

आणि तुमची तोंडी रीत? ती याच भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या इष्टकर्माच्या जातीची आहे. मनाला येईल ती संख्या धरायची, उदाहरणात सांगितलेल्या सगळ्या क्रिया तिच्यावर करायच्या आणि येणाऱ्या उत्तरावरून खरी संख्या शोधायची. चाळीसगावजवळ पाटणला पाटणादेवीच्या परिसरात शिलालेख आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, हे त्यात कोरलेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन जाऊन या.

पेपरात मात्र त्याने क्ष-यच लिहावं. तिथे प्रश्नच 'समीकरणं मांडून सोडवा' असा असतो आणि गुण पायऱ्यांना वाटलेले असतात, नुसत्या २३ आणि १२ ला तपासणारा पुरते गुण देऊ शकत नाही. तुमच्या रीतीने त्याने समासात आधी उत्तर काढून ठेवावं, मग समीकरणांनी तेच येतंय का ते बघावं. आणि त्याला हेही घाला: डोकी ३५, पाय ९३. समीकरणं तो निमूट सोडवेल, य = साडेअकरा काढेल. पाय विषम कसे, असं त्याने आधी विचारलं तर मला जरूर कळवा.